बॉब डिलनचे बूटलेग आणि मामांच्या खोक्यातल्या बहात्तर कॅसेट्स

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे मामा १९८२ ते १९९६ या काळात न्यू जर्सीला नोकरीला होते. ते वारल्यावर सामानात बहात्तर कॅसेट्स सापडल्या, सगळ्या बॉब डिलन या अमेरिकन गायक-गीतकाराच्या मैफिलींच्या. दुकानातल्या नाहीत, कोऱ्या कॅसेटवर भरून हातानं नावं घातलेल्या. काहींवर गाव आणि तारीख आहे, काहींवर नुसतं ‘अल्बर्ट हॉल ६६’, दोन-तीनांवर तर काहीच लिहिलेलं नाही. यांची किंमत काय, डिजिटल कशा करायच्या, हे कायद्यात बसतं का, आणि स्वतः या छंदात उतरायचं तर सुरुवात कुठून करायची?

पस्तीसएक वर्षं मी हाच उद्योग करतोय, तेव्हा उत्तर लांबणार.

किमतीचं आधी उरकतो. बाजारात शून्य. मामांकडच्या बहुतेक मैफिली आज डिजिटल रूपात, कॅसेटपेक्षा चांगल्या आवाजात, पैसे न घेता एकमेकांना दिल्या जातात. तरीही खोकं रद्दीवाल्याला देऊ नका. एखादी कॅसेट मामांनी स्वतः मैफिलीला बसून भरलेली असेल, तर ती जगात एकच आहे. म्हणून यंत्र शोधायच्या आधी फोन काढा आणि प्रत्येक कॅसेटचा, डबीतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी, आत घडी करून ठेवलेल्या चिठ्ठीचा फोटो घ्या. कॅसेटांच्या डब्या बदलू नका. कागद एकीचा आणि कॅसेट दुसरीची झाली, की ती गाठ नंतर कोणाच्या बापाला सुटत नाही.

आता मुळात हे जमवायचं कशाला. रेकॉर्डवरचं डिलनचं गाणं म्हणजे त्या गाण्याची त्या दिवशीची अवस्था. आपल्याकडे कुमार गंधर्वांची किंवा मल्लिकार्जुन मन्सुरांची एकच चीज पाच वेगवेगळ्या खाजगी मैफिलींत कशी झाली हे ऐकायला जीव टाकणारे लोक आहेत. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर असं त्यांचं चालूच असतं. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. डिलनचं ‘टँगल्ड अप इन ब्लू’ घ्या. सप्टेंबर १९७४ मध्ये न्यू यॉर्कला ते ध्वनिमुद्रित झालं, मग त्याचं मन बदललं आणि डिसेंबरअखेर मिनियापोलिसला पुन्हा केलं. १९७८ च्या जगदौऱ्यात तेच गाणं सॅक्सोफोनच्या साथीनं इतकं संथ केलं, की पहिलं कडवं संपेपर्यंत ओळख पटत नाही. १९८४ च्या युरोप दौऱ्यात शब्दच नव्यानं लिहिले. आणि १९७८ च्या अखेरीला, अमेरिकेतल्या टप्प्यात, गाण्यातल्या बाईच्या हातातलं इटालियन कवीचं पुस्तक जाऊन तिथे बायबल आलं. पुढच्या वर्षी डिलन उघडपणे ख्रिस्ती भक्तिगीतं गायला लागला. म्हणजे माणूस आतून बदलतोय याची पहिली जाहीर खूण सभागृहात बसलेल्या कोणीतरी कोटात लपवून नेलेल्या टेपरेकॉर्डरवर उमटली. डिलनच्या रेकॉर्ड कंपनीच्या त्या वेळच्या कुठल्याही रेकॉर्डवर ती नाही.

हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्यानंच या वाटेला जावं. ‘चांगला आवाज’ हवा असेल तर अधिकृत रेकॉर्ड आहेत की.

थोडा इतिहास. बूटलेग म्हणजे बुटाच्या नळीत लपवून आणलेली दारू. शब्द तिथून आला; संगीतात बूटलेग म्हणजे परवानगीशिवाय बाहेर आलेलं मुद्रण. रॉक संगीतातला पहिला मोठा बूटलेग डिलनचाच: १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातल्या दोन तबकड्या विकायला आल्या, त्यांचं नाव पडलं ‘ग्रेट व्हाइट वंडर’. त्यात मैफिलीचं असं काही नव्हतंच. १९६७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या वेस्ट सॉगर्टीझ गावच्या एका घराच्या तळघरात ‘द बँड’ या वाद्यवृंदाच्या मंडळींबरोबर केलेली गाणी होती, आणि २२ डिसेंबर १९६१ ची एक टेप होती. त्या टेपला आजही सगळे ‘मिनेसोटा हॉटेल टेप’ म्हणतात. हॉटेलबिटेल काही नाही. मिनियापोलिसला एका मैत्रिणीच्या घरी बसून एका मित्रानं भरलेली टेप ती. घराला थट्टेनं हॉटेल म्हणायचे.

या छंदातली खरी मेख मला इथेच दिसते. आवाज पुढेमागे सुधारता येतो, चुकलेली नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहते. तुमच्या खोक्यातली ‘अल्बर्ट हॉल ६६’ हा त्याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना.

१९६६ च्या वसंतात डिलन जगाच्या दौऱ्यावर होता. कार्यक्रमाचा पूर्वार्ध एकटा, साधी गिटार आणि माऊथऑर्गन घेऊन; उत्तरार्ध विजेची गिटार आणि पूर्ण वाद्यवृंद घेऊन, कानठळ्या बसतील अशा आवाजात. लोकगीतांचा गायक म्हणून त्याला डोक्यावर घेतलेल्या लोकांना उत्तरार्ध म्हणजे बाटण्याचा प्रकार वाटला. इंग्लंडात रोज हुर्यो व्हायची. एका रात्री, शेवटच्या ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या आधी, गर्दीतून एकजण ओरडला: “ज्यूडास!” ख्रिस्ताला पकडून देणारा शिष्य. डिलन म्हणाला, तुझ्यावर माझा विश्वास नाही, तू खोटारडा आहेस; मग साथीदारांकडे वळून, वाजवा जोरात, असं शिवी हासडून सांगितलं, आणि गाणं लोकांच्या अंगावर कोसळलं. त्या उत्तरार्धाची टेप सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच तबकडीवर आली आणि तिच्यावर नाव छापलं गेलं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं. प्रत्यक्षात ती १७ मे १९६६ ची, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. लंडनच्या मैफिली नंतरच्या, २६ आणि २७ मेच्या. चूक कळल्यावरही नाव काही सुटलं नाही. १९९८ मध्ये कंपनीनं ती मैफल अधिकृतपणे काढली तेव्हा ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे शब्द अवतरणात घालून तेच नाव ठेवलं, कारण दुसऱ्या नावानं ती कोणी ओळखलीच नसती! खरी लंडनची, २६ मेची मैफल स्वतंत्रपणे बाहेर यायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी त्या दौऱ्यातली हाती असलेली सगळी मुद्रणं छत्तीस सीडींच्या पेटीत आली. त्यातला मोठा भाग रिचर्ड अल्डरसन या ध्वनितंत्रज्ञानं दौऱ्यात मिक्सरवरून (सभागृहाचा आवाज जुळवणाऱ्या यंत्रावरून) भरलेल्या टेपांचा आहे.

म्हणून मामांची ती कॅसेट लावा, सरळ शेवटच्या गाण्यापाशी जा. ‘ज्यूडास’ ऐकू आलं तर ती मँचेस्टर. मामांच्या अक्षरातलं नाव खोडू नका. ते ज्या काळात लिहिलं गेलं त्या काळाची ती नोंद आहे. तुमच्या वहीत मात्र बरोबर लिहा.

आता मुद्रणांच्या जाती. ‘ऑडियन्स’ म्हणजे प्रेक्षकांत बसून केलेलं: सभागृहाचा घुमारा, टाळ्या, शेजारच्या जोडप्याचं भांडण, सगळं त्यात. ‘साउंडबोर्ड’ म्हणजे थेट मिक्सरवरून निघालेलं. नवशिक्यांना वाटतं साउंडबोर्ड म्हणजे सर्वोत्तम. तसं नसतं. मिक्सरवाला सभागृहासाठी आवाज जुळवत असतो, टेपसाठी नाही. छोट्या जागेत ढोल-गिटार स्टेजवरूनच मोठे ऐकू येतात, त्यामुळे ते मिक्सरमधून कमीच सोडलेले असतात आणि टेपवर नुसता गळा, कोरडा, बाकी लांब कुठेतरी. तिसरा प्रकार रेडिओ-टीव्हीवरून उतरवलेला. चौथा जरा गमतीचा: अमेरिकेतल्या सभागृहांत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी गाण्याचा आवाज एफएमवर किंवा इन्फ्रारेडवर हेडफोनला पुरवतात, काही बहाद्दरांनी तोच झेलून टेपवर घेतला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून डिलनची अशी मुद्रणं फिरताहेत. लख्ख ऐकू येतं, पण प्रेक्षक जवळजवळ नाहीतच, आणि खर्जही नाही. मला स्वतःला हुशारीनं जागा निवडून केलेलं ऑडियन्स मुद्रण जास्त भावतं. गाणाऱ्याला समोर काय ऐकू येत होतं हे त्यातच कळतं.

हे भरणारे लोक म्हणजे वेगळीच जमात. ऐंशीच्या दशकात सोनीचा डब्ल्यूएम-डी६सी नावाचा, विटेएवढा पण वॉकमन म्हणवणारा रेकॉर्डर असायचा, नव्वदमध्ये डीएटीचा, म्हणजे डिजिटल टेपचा, टीसीडी-डी७ आणि मग डी८. माइक टोपीच्या कडेला किंवा चष्म्याच्या काड्यांवर. दोन तास मान हलवायची नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेजारी गायला लागला तर मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचा. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या मैफिली भरणारा माइक मिलार्ड तर धडधाकट असून चाकाच्या खुर्चीत बसून आत जायचा आणि यंत्र खुर्चीखाली दडवायचा. शिवाय नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. अंधारात, नेमकं कुठल्या दोन गाण्यांच्या मध्ये पालटायची हा अंदाज ज्याला येतो तो कसलेला. जुन्या टेपांत गाण्याच्या ऐन मध्यात जे भगदाड पडतं ते या पालटण्याचं. एकशे वीस मिनिटांची कॅसेट कोणी जाणता वापरत नसे. ती फीत पातळ, ताणते, गुंतते.

मामांकडे कॅसेट्स आल्या कशा असतील? टपालानं. एकानं दुसऱ्याला कोऱ्या कॅसेट्स आणि परतीचं टपाल पाठवायचं, दुसऱ्यानं भरून परत करायचं. किंवा मग ‘झाड’: मूळ टेपवाला चार-पाच जणांना प्रत देणार, त्या फांद्या, प्रत्येक फांदी आणखी पाच जणांना. पैसे घ्यायचे नाहीत हा अलिखित दंडक. पण कॅसेटवरून कॅसेट काढली की प्रत्येक वेळी खरखर वाढते आणि वरचे बारीक स्वर झिजतात. म्हणून ‘पिढी’ विचारतात. मूळ टेप म्हणजे मास्टर, तिची प्रत पहिली पिढी, तिची दुसरी. पाचव्या पिढीला झांजा म्हणजे कोणी पिशवी चुरगाळतंय असं वाटतं. डबीतल्या कागदावर ‘एम’, ‘१’, ‘लो जेन’ (कमी पिढ्यांची) अशी काही बारीक खूण दिसते का बघा. ही टेपची वंशावळ. कुठल्या माइकवरून, कुठल्या यंत्रावर, कोणाकडून कोणाकडे आली हे जिच्याबरोबर लिहिलेलं आहे ती टेप. बाकी नुसता आवाज. लग्न जमवताना आपल्याकडे गोत्र विचारतात त्याहून जास्त चिकाटीनं ही मंडळी वंशावळ विचारतात, आणि इथे ती विचारण्यात अर्थही असतो.

डिजिटल करण्याबद्दल. भारतात, त्यातून मुंबई-कोकणात, कॅसेटचा पहिला शत्रू पावसाळा. खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. दुसरी तक्रार म्हणजे फितीला हेडवर दाबणारी छोटी फेल्टची गादी गळून पडलेली असते, आवाज अचानक पोकळ होतो. अशा वेळी स्क्रूवाली एखादी जुनी कॅसेट उघडून, तिच्या सांगाड्यात फीत हलवायची. नाजूक काम आहे, पण घड्याळ दुरुस्त करणाऱ्यापेक्षा कमीच. आधी नावडत्या सिनेमाच्या गाण्यांवर हात बसवा.

डेक तीन हेडांचा मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर निदान हेडचा कोन बदलण्याचा स्क्रू हाताशी येतो असा बघा. प्रत्येक कॅसेट वेगवेगळ्या यंत्रावर भरलेली असते, त्या यंत्राच्या हेडचा कोन वेगळा. मोनोमध्ये ऐकत स्क्रू केसभर फिरवा. एका जागी झांजा, ‘स’ आणि ‘श’ एकदम उजळतात. तिथे थांबा. याला दोन मिनिटं लागतात आणि फरक इतका पडतो की पुढची निम्मी दुरुस्ती वाचते. डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा. कागदावर डॉल्बी लिहिलं असेल तरच चालू करा. संगणकात २४ बिटमध्ये घ्या आणि ती कच्ची फाइल तशीच ठेवा. तिला हात लावायचा नाही. जे काय सुधारायचं ते प्रतीवर.

हे मी अक्कल विकत घेऊन शिकलो. १९८१ च्या युरोप दौऱ्यातली एक मैफल माझ्याकडे दुसऱ्या पिढीची होती. खरखर घालवायचं सॉफ्टवेअर नवीनच हाती आलं होतं. मी सपाटून चालवलं, खूश झालो, आणि जागा वाचवायला कच्ची फाइल पुसली. सहा महिन्यांनी चांगल्या हेडफोनवर ऐकलं तर डिलन विहिरीत उतरून गातोय आणि प्रत्येक टाळीमागे पाण्याचे बुडबुडे. कॅसेट परत काढायला गेलो, तोवर तिला बुरशी. खरखर कानाला दहा मिनिटांत सवयीची होते. बुडबुडे मात्र जात नाहीत.

पट्टीकडे लक्ष द्या, कारण तिथे जुन्या टेपा हमखास चुकतात. रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की फीत हळू धावते. तीच फीत नंतर नेहमीच्या वेगानं वाजवली की स्वर चढतो. त्यामुळे मैफिलीची शेवटची तीन-चार गाणी चढ्या पट्टीत आणि जरा घाईत वाटली, तर डिलन जोशात आला असं समजू नका, सेल संपत आलेत. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की पूर्ण अर्धा स्वर सरकतो, आणि दोन तासांच्या मैफिलीतली जवळजवळ सात मिनिटं नाहीशी होतात. मग खरी पट्टी कळणार कशी? गिटारवरून कळत नाही, कारण गिटार कुठेही लावता येते आणि वर कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, असतो. डिलनच्या बाबतीत नशीब असं की गळ्यात माऊथऑर्गन आहे. त्याच्या पट्ट्या कारखान्यात ठरून येतात. घरी पेटी असेल तर बसा: माऊथऑर्गन पांढरी पाच आणि काळी चारच्या मधोमध कुठेतरी बोलत असेल, तर टेपचा वेग चुकलाय. बरोब्बर अर्धा स्वर चुकलेला असेल तर मात्र पेटी फसवते. तेव्हा त्याच दौऱ्यातली दुसरी टेप शेजारी लावून ताडून बघायचं.

डिजिटल फाइल्स मिळवताना एकच सांगतो: एमपी३ घेऊ नका आणि पुढे देऊ तर मुळीच नका. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता लहान केलेली फाइल, घ्या; सीडीच्या दर्जाची दोन तासांची मैफल साधारण ७०० एमबीत बसते, आजच्या जमान्यात ती जागा काहीच नाही. काही दीडशहाणे एमपी३ चं फ्लॅक करून पुढे ढकलतात. ते पकडायला आवाजाचा वर्णपट दाखवणारा कुठलाही फुकट प्रोग्रॅम उघडा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीनं कापल्यासारखं सपाट काळं दिसलं तर संशय घ्या. फाइल्सबरोबर एक छोटी मजकुराची फाइल येते, तिच्यात वंशावळ आणि गाण्यांची यादी असते, आणि दुसरी एमडी५ आकड्यांची, जिच्यावरून एकही बिट बदललेला नाही हे तपासता येतं. या दोन्हींना जमिनीच्या सातबाऱ्यासारखं जपा. डिलनच्या फिरत्या मुद्रणांना चाहत्यांनी ‘एलबी’ असे क्रमांकही दिलेत, त्यामुळे एकाच मैफिलीची सहा वेगवेगळी मुद्रणं असली तरी कुठलं कुठलं हे सांगता येतं. कुठल्या तारखेला काय गायलं यासाठी ओलोफ ब्यॉर्नर या स्वीडिश गृहस्थानं वर्षवार केलेल्या नोंदी आहेत. आपल्या सरकारी गॅझेटिअरच्या तोडीचं काम, तेही हौसेखातर. मामांच्या तारीख नसलेल्या कॅसेटवरची गाणी क्रमानं लिहून काढा आणि त्या नोंदींशी जुळवा. त्या काळात डिलन बहुधा रोज यादी बदलत असल्यामुळे बऱ्याचदा एका संध्याकाळीत तारीख सापडते.

सुरुवात कुठून? आधी अधिकृत घ्या. कंपनी १९९१ पासून ‘बूटलेग सिरीज’ नावानंच जुनी मुद्रणं काढते आहे, आणि बूटलेगवाल्यांनी जे डोक्यावर घेतलं त्यातलं बरंच आता तिथे आहे. ३१ ऑक्टोबर १९६४ ची न्यू यॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलची मैफल ऐका: तेवीस वर्षांचा पोरगा स्वतःच्या गाण्याची पहिली ओळ विसरतो आणि प्रेक्षकांनाच विचारतो. मग मँचेस्टर. मग १९७५ चा ‘रोलिंग थंडर’ दौरा. मग १९७९-८० ची भक्तिगीतं, जी त्या वेळी लोकांना मुळीच नको होती आणि मला वाटतं त्याचा गळा इतका एकाग्र नंतर कधी लागला नाही. १२ नोव्हेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्डमध्ये ‘कॅरिबियन विंड’ त्यानं गायलं. स्टेजवर आयुष्यात तेवढं एकदाच. ते आता अधिकृत संचात आहे.

यानंतर बाहेरच्या टेपांकडे वळा. ७ जून १९८८ ला कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डपासून जो दौरा सुरू झाला त्याला लोक ‘न संपणारा दौरा’ म्हणतात, वर्षाला शंभरच्या आसपास मैफिली. यातलं सगळं जमवायला जाऊ नका. मी काही वर्षं गेलो होतो. ऐकण्यापेक्षा यादीत टिकमार्क करण्यात दिवस गेले. त्यापेक्षा तीन घ्या. १२ जानेवारी १९९०, न्यू हेवनमधलं टोड्स प्लेस: एका छोट्या क्लबात चार भागांत पन्नास गाणी, दुसऱ्यांची फर्माइशी गाणीसुद्धा. १६ आणि १७ नोव्हेंबर १९९३, न्यू यॉर्कचा सपर क्लब: दोन रात्री, चार मैफिली, विजेच्या गिटारीशिवाय, आणि डिलन शब्दाशब्दावर थांबून गातोय. कंपनीनं यातलं फुटकळच काढलंय आणि का अडलंय ते देव जाणे. तिसरी ११ मार्च १९९५, प्राग: तब्येत बरी नव्हती, गिटार जवळजवळ बाजूलाच ठेवली, हातात माइक धरून गायला, आणि गळा मोकळा झाला. या तिन्हींत एक गाणं निवडा, तेच सगळीकडे ऐका, आणि वहीत लिहा काय बदललं. माझ्या मते संग्रह असा करावा. नुसतं कपाट भरायला वाण्याचं सामानही पुरतं.

कायद्याचं. मी वकील नाही, पण या गोष्टीवर पांघरूण घालणं मला पटत नाही. कलाकाराच्या परवानगीशिवाय मैफल ध्वनिमुद्रित करणं आणि प्रती वाटणं हे बहुतेक देशांत त्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. आपल्याकडेही १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ३८ नुसार सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षं राहतो, आणि गाण्याच्या शब्द-चालीचा हक्क त्याहून वेगळा. घरात ऐकण्याकडे कोणी बोट दाखवत नाही, विकणं हा सरळ गुन्हा. जमवणाऱ्यांनी स्वतःवर दोन बंधनं घालून घेतलीत: पैशाचा व्यवहार नाही, आणि जे अधिकृतपणे विकत मिळतं ते फिरवायचं नाही. ही पाळा. गंमत म्हणजे कायद्यामुळेच काही टेपा बाहेर आल्या. युरोपात २०११ मध्ये ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षं झालं, पण पन्नास वर्षांत प्रकाशितच न झालेल्या मुद्रणांना ते मिळत नाही. म्हणून २०१२ च्या अखेरीस कंपनीनं १९६२ च्या मुद्रणांचा एक संच युरोपात गुपचूप काढला, जेमतेम शंभर प्रती, निव्वळ हक्क वाचवायला. २०२४ मध्ये १९७४ च्या दौऱ्याच्या सत्तावीस सीडी आल्या, त्या वर्षाचं गणित करून बघा.

आता डिलनच्या बऱ्याच मैफिलींना प्रेक्षकांचे फोन दारातच पिशवीत घालून कुलूपबंद करतात.  मला ते आवडतं, खरं सांगायचं तर. हजार पडदे वर धरलेल्या सभागृहात गाणं ऐकण्यात राम नाही. तरी दोन-चार दिवसांत त्या मैफिलीचं मुद्रण हातात येतंच. कसं, ते विचारू नका.

शेवटी तुमच्या त्या नाव नसलेल्या कॅसेट्स. मामा न्यू जर्सीला होते त्या काळात डिलन त्यांच्या दारात येऊन गेलाय: १२ जुलै १९८७ ला ग्रेटफुल डेड या बँडबरोबर जायंट्स स्टेडियमवर, ऑक्टोबर १९८८ मध्ये शेजारच्या न्यू यॉर्कमधल्या रेडिओ सिटीला, ऑक्टोबर १९८९ मध्ये तिथल्याच बीकन थिएटरात. नाव न घातलेली कॅसेट ही बरेचदा मूळच असते, कारण स्वतः भरलेली टेप कुठली हे सांगायला माणसाला कागद लागत नाही. नाव घालतात ते दुसऱ्याकडून आलेल्या टेपांवर. पुन्हा भरलं जाऊ नये म्हणून मागच्या कडेच्या टिकल्या मोडल्यात का बघा, डबीत तिकिटाचा तुकडा आहे का बघा. आणि ऐकायला घेतलीत की मैफल सुरू होण्याआधीची मिनिटं कापू नका. लोक ती कापून टाकतात, त्यात गाणं नसतं म्हणून. नुसती कुजबुज, खुर्च्यांचा आवाज, माइक कापडाला घासल्याची खरखर. ती पूर्ण आवाजात, हेडफोन लावून, आईला शेजारी बसवून ऐका. तिच्या भावाचा आवाज तिला तुमच्याआधी ओळखू येईल.